सावलीतलं लाल शेवाळ

आमच्या घरात समुद्राचा विषय निघाला की आई म्हणायची, "गोदावरीचं पाणी प्यालेली माणसं आपण. आपला अन् समुद्राचा काय संबंध?" संबंध होता, आणि तो अण्णांमुळं होता. अण्णा म्हणजे माझे वडील. कन्नडजवळच्या खेड्यातले, बाजरी-कापसाच्या घरातले. कॉलेजची सहल कोकणात गेली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. पाहिला म्हणजे काय, एकदा मान वर करून बघितला असंल. बाकीची पोरं लाटांत उड्या मारत होती आणि हा गडी मागं खाडीच्या चिखलात गुडघाभर उभा राहून खारफुटीच्या मुळांना चिकटलेलं काळपट जांभळं काहीतरी नखानं खरवडत होता. सरांनी ते तिथल्या तिथं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्या दिवसापासून अण्णा कामातून गेले ते गेलेच.

ते लाल शेवाळ होतं. त्यावर त्यांनी पीएचडी केली आणि मग संभाजीनगरात, जिथं नळाचंसुद्धा पाणी रुसून आठवड्यानं येतं, तिथं एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आयुष्य काढलं. गावाकडची माणसं भेटली की विचारायची, "सर, हे तुमचं शेवाळ जनावरं खातात व्हय?" अण्णा म्हणायचे, "नाय." "मग औषधाला चालतं?" "नाय." "मग तुम्ही त्याचं करता काय?" अण्णा म्हणायचे, "बघतो." माणसं हसायची. मीही लहानपणी त्यांच्यात हसायचे, कारण मैत्रिणींचे वडील घर बांधत होते, प्लॉट घेत होते, आणि माझे वडील बघत होते.

मराठीत या शेवाळाला नाव नाही. शास्त्रातलं नाव कॅलोग्लॉसा, म्हणजे सुंदर जीभ. ते नाव ऐकून आई म्हणाली होती, "घरातल्या जिभेचं कौतुक नाय, खाडीतल्या जिभेचं बघा." पण नाव बरोबर आहे. नखाएवढं रोप. एक चिंचोळं पान, तांदळाच्या दाण्याइतकंच रुंद, मधोमध शीर. ते पान टोकाशी आवळत जातं, पार दोऱ्याइतकं बारीक होतं, आणि त्या आवळलेल्या जागेतून दोन नवी पानं फुटतात. त्यांचंही तसंच. आवळलेल्या प्रत्येक जागी खालच्या बाजूनं बारीक केस सुटतात आणि ते मुळाला घट्ट धरतात. शीर सोडली तर पान एका पेशीएवढं जाड, त्यामुळं उजेड त्यातून आरपार येतो. उघड्या डोळ्यांना ते चिखलकट जांभळं दिसतं. सूक्ष्मदर्शकात बघितलं तर गुलाबी लाल, आणि एकेक पेशी मांडून ठेवल्यासारखी.

ते राहतंही चमत्कारिक जागी. धड समुद्रात नाही, धड जमिनीवर नाही. खाडीच्या तोंडाशी खारफुटीची झाडं असतात. चिखलात हवा नसते म्हणून त्यांची मुळं श्वास घ्यायला वर येतात. कापणी झाल्यावर वावरात बाजरीची धसकटं उभी असतात ना, तशी. त्या धसकटांवर हे शेवाळ. भरती आली की बुडतं, ओहोटी लागली की तासन्‌तास उघडं पडतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, ते सोसतं. उन्हाळ्यात जास्तच खारट होतं, तेही सोसतं. एकच गोष्ट त्याला सोसत नाही, ती म्हणजे ऊन. मुळाच्या सावलीच्या बाजूलाच ते वाढतं. अण्णा वर्गात सांगायचे, "याचे सगळे लाड एका सावलीत आले बरं का. सावली द्या, बाकी तुम्ही कसेही वागा."

अण्णांना साखर होती. पुष्कळ वर्षं होती आणि पुष्कळ वर्षं त्यांनी तिला भीक घातली नाही. रोज जेवणानंतर गुळाचा खडा लागायचा. मग पायाला जखम झाली ती भरेना. मग डावा डोळा गेला. आम्ही गेला गेला म्हणतोय तोवर उजव्यातही सुरू झालं. डोळ्यात इंजेक्शनं झाली, लेसर झालं. शेवटी डॉक्टर मला बाजूला घ्यायच्या भानगडीत न पडता अण्णांनाच म्हणाले, "सर, जे बघायचं असंल ते या उन्हाळ्यात बघून घ्या."

घरी आल्यावर आईनं डोळे पुसले आणि विचारलं, "तिरुपतीला जायचं का? गाडी करू. नायतर माहूरला?" अण्णा म्हणाले, "देव काय, मिटल्या डोळ्यांनी दिसतो म्हणतात. मला माझं शेवाळ बघायचंय. जितं."

मला आधी संताप आला. अहो, कॉलेजात याच शेवाळाच्या बाटल्या भरून ठेवल्यात तुम्ही! तसं मी बोलूनही दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बाटलीतल्याचा रंग उडतो, बाय. चार दिवसांत पांढरं पडतं. मढं बघितलं म्हणजे माणूस बघितला असं होतं का?" त्यांचा पाय असा, चिखलात उतरायचं नाव काढायची सोय नाही. मी शाळेत शिकवते, सुट्ट्या लागल्या होत्या. म्हणजे जाणार कोण हे ठरल्यातच जमा होतं.

अण्णांनी पंचांग काढायला लावलं. खाडीवर कधी उतरायचं ते घड्याळ नाही, तिथी सांगते. अमावस्येला नायतर पौर्णिमेला पाणी लांबवर हटतं, तेव्हा सकाळी उजाडता उजाडता मुळं उघडी सापडतात. अमावस्या जवळ होती. आई म्हणाली, "अवसेला कुणी घराबाहेर पडतं का? पोरीला एकटीला धाडताय, तेही अवसेला?" अण्णा म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत माझा डोळा थांबंल का, विचार त्याला." त्या घरात त्या दिवसांत सगळे वाद असेच संपायचे.

गुलमंडीत जाऊन मी मलमल घेतली, हातभर. दुकानदार म्हणाला, "आपा, इत्तेसे कपडे में क्या होनेवाला?" मी म्हटलं, "शेवाळ बांधायचंय." त्यानं पुढं काही विचारलं नाही, पैसे घेतले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. अण्णांनी बजावलं होतं: पाण्याच्या बाटलीत घालून आणू नको, पाणी तापलं की ते मरतं. खाडीच्याच पाण्यात मलमल भिजवायची, पिळायची, त्यात गुंडाळायचं, वरून ओला पेपर, आणि बर्फाच्या डब्यात ठेवायचं, पण बर्फाला लागू द्यायचं नाही. ओहोटीत उघडं पडायची त्याला सवय आहे. आपण एक लांबलेली ओहोटी आहोत असं त्याला वाटू द्यायचं.

खाडीवर मी कशी उतरले, चप्पल चिखलात कशी राहिली, ते सांगत बसत नाही. हसं आहे सगळं. फोन कानाला लावून मी एकेका मुळाशी वाकत होते आणि अण्णा तिकडून विचारत होते, "पान आवळलंय का? मधी शीर हाय का? केसासारखं दिसत असंल तर ते नव्हं, ते दुसरं. पुढं बघ." एका जुन्या झाडाच्या बुंध्याखाली, जिथं उजेडही चोरून येत होता, तिथं सापडलं. मी म्हटलं, "अण्णा, सापडलं." ते म्हणाले, "ओरबाडू नको. नखानं काढ. थोडंच घे."

रात्रभर डबा मांडीवर. पुण्यात गाडी बदलली, सकाळी घरी. अण्णांना त्या दिवशी पायाच्या ड्रेसिंगला न्यायचं होतं, नंबर लागलेला होता. डबा न्हाणीत गारव्याला ठेवला आणि आम्ही दोघं रिक्षानं दवाखान्यात गेलो. अण्णा वाटेत लग्नाच्या पोरासारखे खूष होते. "आल्या आल्या खिडकीत टेबल लाव," म्हणाले. "दुपारचा उजेड बरा असतो."

आता आईचं सांगते. माझी आई सातवी शिकलेली, पण गेली कितीक वर्षं अण्णांचा अर्धा संसार तिच्याच हातावर चालला होता. अण्णा सहलीहून आले की पिशव्या भरून झाडपाला आणायचे. त्याचे नमुने करायचे म्हणजे पेपरात दाबायचे, रोज पेपर बदलायचे, ओले पेपर उन्हात टाकायचे. एक दिवस आळस केला की बुरशी धरते आणि सगळी मेहनत मातीत जाते. अण्णा सहलीहून आले की झोपायचे आणि आई कामाला लागायची. गच्चीवर एका बाजूला कुरडया, एका बाजूला अण्णांचा झाडपाला. तिला कधी काही सांगावं लागलं नाही. उलट तीच अण्णांना ओरडायची, "ओलं तसंच ठेवलंय, किडंल ना!"

आम्ही दवाखान्यातून आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आई दारातच म्हणाली, "तुमचं काम करून ठेवलंय. फडक्यात पार गच्च ओलं होतं, वास मारायला लागलं होतं. बरं झालं मी बघितलं."

मला आधी कळलंच नाही. मग मी जिना चढत पळाले. गच्चीवर वैशाखाचं ऊन, पाय टेकवत नव्हता. कुरडयांच्या शेजारी, धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर, एकेक रोप सुटं करून, टोकं नीट पसरून, कुणालाही जमणार नाही इतकं सुंदर मांडलं होतं. हात लावला तर चुरा झाला.

मी त्याला बाटलीत भरून आणलेल्या खाडीच्या पाण्यात घातलं. वेड्यासारखं घातलं. पाणी हळूहळू गुलाबी झालं आणि शेवाळ उपटून टाकलेल्या तणासारखं गळून पडलं. मेलेल्या पेशी रंग धरून ठेवत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं. मी खाली येऊन सांगितलं, "पाणी लाल झालं," तेव्हा ते म्हणाले, "राहू दे मग."

मी आईला बोलले. नको ते बोलले. तोंडाला येईल ते. ती ऐकत उभी राहिली आणि मग म्हणाली, "पण मी तर नेहमीचंच केलं." आणि ते खरं होतं, तेच मला आजही जाळतं. चूक म्हणावी तर तिची कुठली? तिनं तिच्या उभ्या आयुष्यात त्या माणसाचं एकही पान कुजू दिलं नव्हतं.

अण्णा तिच्यावर चिडले नाहीत. उलट म्हणाले, "अगं, पौर्णिमेला दुसरं आणंल ती. खाडी काय पळून जाती का?" पण पौर्णिमेच्या आधीच एके सकाळी ते चहा घेता घेता म्हणाले, "घरात कावळे शिरले का गं?" मग म्हणाले, "पडदा कुणी ओढला?" पडदा कुणीच ओढला नव्हता. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, विरघळंल तर विरघळंल, वाट बघू. उजेड-अंधार कळतो का विचारलं, अण्णा म्हणाले, "कळतो की. माणूस आला-गेला कळतं."

आईनं त्या दिवशी गच्चीचा दरवाजा लावून घेतला. कुरडया वरच राहिल्या. शेजारणी विचारायच्या तर सांगायची, "मीच आंधळं केलं त्यांना. चांगलं समोर आलेलं मी उन्हात टाकलं." अण्णा ऐकायचे आणि चिडायचे. "डोळा काय तुझ्या कुरडयांनी गेला का? साखरेनं गेला! डॉक्टरला विचार!" ती म्हणायची, "डोळा साखरेनं गेला. पण बघायचं राहिलं ते माझ्यानं." घरात तिघंच माणसं आणि तिघंही एकमेकांना चुकवून जेवत होती. मला त्या दिवसांत आईचा राग यायचा, मग अण्णांचा, मग त्या मेल्या शेवाळाचा. ज्याचा कुणाला काही उपयोग नाही असली वस्तू घरात आणावीच कशाला?

तरीही पौर्णिमेला मी गेले. अण्णा म्हणाले, "थोडं थोडं निवळतंय मला. तू येईपर्यंत दिसंल." खरं म्हणत होते की नाही, मी विचारलं नाही. त्याच झाडाखालून, तसंच नखानं काढलं, तसंच मलमलीत बांधलं. या वेळी डबा घेऊन घरात शिरले तर आई भिंतीला चिकटून उभी राहिली. जणू तिचा पदर लागला तरी ते मरंल.

अण्णांचा सूक्ष्मदर्शक जुन्या तऱ्हेचा. खाली गोल आरसा, त्यावर खिडकीतला उजेड घ्यायचा. मी टेबल खिडकीला लावलं, आरसा फिरवला. अण्णांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हातानं चाचपून नळी शोधली आणि उजवा डोळा लावला. त्यांचा स्वच्छ धुतलेला सदरा, नुकती केलेली दाढी. देवा, एवढं एक होऊ दे, असं मी म्हणाले. मी देवाला सहसा तसदी देत नाही.

मी बशीतून चिमट्यानं एक रोप उचललं, काचपट्टीवर ठेवलं, खाडीच्या पाण्याचा थेंब सोडला, वरून बारीक काच झाकली. जितं होतं. हातातल्या काचपट्टीवर नुसत्या डोळ्यांनीही आरपार लाली दिसत होती.

आई दारात आली होती. पदर तोंडावर धरून तिनं विचारलं, "दिसतंय का हो?"

"दिसतंय की!" अण्णा म्हणाले. "अगं, काय दिसतंय! पानाला पान. मधी शीर, कशी सरळ गेलीय बघ. आणि ही इथं आवळली, दोऱ्यासारखी, आणि इथनं दोन फुटली. रंग तर बाई, तुझ्या शालूचा. तोच. तसूभर कमी नाय." नळीवरून डोळा न काढता ते म्हणाले, "झालं माझं. राहिलं व्हतं ते झालं बघ. आता उगा रडत बसू नको."

काचपट्टी माझ्या हातात होती.

मी हलले नाही. आई मात्र कितीतरी दिवसांनी आत आली, पार टेबलापर्यंत. लहान मुलीसारखी म्हणाली, "मला बघू द्या ना. मी कधीच बघितलं नाय." खरंच तिनं कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं वाळवलं, दाबलं, पेपर बदलले, पण त्या नळीला डोळा लावायला तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं. अण्णा उठून बाजूला झाले. त्यांना धरायच्या निमित्तानं मी पुढं वाकले आणि काचपट्टी आत सारली. चाप जरासा वाजला. आईनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग तिनं डोळा लावला आणि मी स्क्रू फिरवत गेले.

ती खूप वेळ बघत राहिली. एक डोळा मिटायचा असतो हे तिला कळेना, तिनं तो हातानं झाकला.

"हे असं असतंय व्हय?" ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "हे मी उन्हात टाकलं व्हय?"

अण्णा टेबलाची कड धरून उभे होते. मग म्हणाले, "आता बघितलं ना मी. मिटलं ते."

आईनं डोळा काढला. आधी अण्णांच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला सगळं कळलेलं मला दिसलं, आणि मला दिसलेलं तिला. पदरानं काच पुसलेली अण्णांना आयुष्यात कधी चालली नाही, ओरखडे पडतात म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. तिनं पदराचं टोक बोटावर घेतलं आणि नळीवरची काच चांगली गोल गोल पुसली. मग अण्णांचा हात धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं आणि त्यांचं डोकं आपल्या हातानं नळीपाशी नेलं.

"काच धुरकटली होती," ती म्हणाली. "आता बघा."

अण्णांनी डोळा लावला.

"व्हय," ते म्हणाले. "आता लई साफ दिसतंय."